धान्याचे भाडे : पाताळगंगा आणि लोहमार्ग यांविषयी एक संवाद

पुरस्कर्ता : धान्य हा वजनाला जड, वजनाच्या मानाने किमतीला हलका आणि एका मर्यादेपर्यंत वाट पाहू शकणारा माल आहे, आणि असा माल पाण्यावरून न्यावा हे कोकणाने रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी व्यवहारात आणले होते. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात लोधिवलीच्या परिसरातून वाहणारी पाताळगंगा खाली आपट्याला भरतीच्या पाण्याला भेटते आणि पुढे धरमतरच्या खाडीला मिळते; या पाण्यावरून मचवे आणि गलबते आपट्यापर्यंत येत, मीठ, सुकी मासळी व नारळ वर आणत आणि परतताना तांदूळ, गवत व लाकूड मुंबईकडे नेत. मुंबईत मशीद बंदराजवळची दाणाबंदरची पेठ अशाच समुद्रमार्गे उतरणाऱ्या धान्यावर उभी राहिली. या व्यवहारामागे साधे भौतिक सत्य होते. जलवाहतुकीच्या शासकीय साहित्यात नेहमी दिला जाणारा हिशेब असा आहे की, एक अश्वशक्ती रस्त्यावर सुमारे १५० किलो, रुळांवर ५०० किलो, तर पाण्यावर ४,००० किलो भार ओढू शकते. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशातील १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला, आणि त्यांत धरमतरच्या खाडीसह अंबा नदी दहाव्या क्रमांकावर, तर कर्जतवरून वाहत जाणाऱ्या उल्हास नदीचा खालचा भाग व वसईची खाडी त्रेपन्नाव्या क्रमांकावर आहे. पाताळगंगेचे नाव त्या यादीत नसले, तरी तिचे मुख अंबेच्याच खाडीत आहे. खालापूर आणि कर्जत हे दोन्ही तालुके असे दोन जलमार्गांच्या माथ्याशी वसलेले असताना त्यांच्या धान्याने केवळ रेल्वे आणि ट्रक यांवरच विसंबून राहावे, याला परंपरेखेरीज दुसरे कोणते कारण आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

साशंक : तपासणीची सुरुवात त्या अश्वशक्तीच्या आकड्यापासूनच व्हावी, कारण तो खरा असूनही त्यातून काढला जाणारा निष्कर्ष फसवा आहे. पाण्याचा विरोध अत्यंत मंद गतीला नगण्य असतो आणि गती वाढेल तसा झपाट्याने वाढतो. म्हणून ४,००० किलोंचा आकडा संथ चालीचा आहे आणि व्यापाराला परवडेल अशा चालीत त्याचा बराच भाग गळून पडतो. त्याच शासकीय साहित्यात दिलेला दुसरा आकडा अधिक उपयोगाचा आहे : एक लिटर इंधनात रस्त्याने सुमारे २४, रेल्वेने ८५ आणि जलमार्गाने १०५ टन-किलोमीटर वाहतूक होते. टन-किलोमीटर म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेण्याचे काम. अश्वशक्तीच्या हिशेबात पाणी रुळांच्या आठपट श्रेष्ठ दिसते, आणि इंधनाच्या हिशेबात ही आघाडी पावपटीहूनही कमी उरते. याचा अर्थ असा की, पाण्याची वाट रुळांच्या वाटेपेक्षा पावपट लांब झाली, की इंधनाची सगळी बचत संपते. नद्या वळणे घेत जातात आणि रेल्वे शक्य तिथे सरळ जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतीय खाद्य निगमाचे २०० टन धान्य ‘लाल बहादुर शास्त्री’ या जहाजाने पाटण्याहून बांगलादेशमार्गे गुवाहाटीजवळच्या पांडूला नेले. तो जलमार्ग सुमारे २,३५० किलोमीटरचा होता आणि प्रवासाला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. पाटणा आणि गुवाहाटी यांच्यामधले लोहमार्गाचे अंतर त्याच्या निम्म्याहून कमी आहे. ज्या तुलनेत दर किलोमीटरचा खर्च मोजला जातो आणि किलोमीटर मोजले जात नाहीत, ती तुलना अपुरी आहे.

पुरस्कर्ता : किलोमीटर मोजले पाहिजेत हे मान्य आहे, परंतु पांडूची सफर ही चाचणी होती. एका छोट्या जहाजाने २०० टन नेण्याचा खर्च हा जलवाहतुकीचा दर मानणे म्हणजे एका वाघिणीची गाडी चालवून रेल्वेचा दर ठरवण्यासारखे आहे. पाण्याचा खरा लाभ आकाराच्या मोठेपणात असतो. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या वरच्या भागात एका ओढनौकेला पंधरा बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालनौका, बांधलेले असतात, प्रत्येक बार्जमध्ये सुमारे १,३५० टन मका किंवा सोयाबीन असते, आणि वीस हजार टनांच्या आसपासचा हा ताफा मोजक्या खलाशांच्या बळावर समुद्राकडे जातो. तिथे इंधनाइतकीच बचत मनुष्यबळात आणि वाहनावर गुंतवलेल्या भांडवलात होते. मंद गतीचा आक्षेपही नीट मोजला, तर तो दिसतो तितका मोठा नाही. तांदळाची किंमत टनाला ३०,००० रुपये आणि व्याजाचा दर वर्षाला दहा टक्के धरला, तर वाटेत घालवलेल्या प्रत्येक दिवसाचे व्याज टनामागे सुमारे आठ रुपये होते आणि पंचवीस दिवसांचे दोनशे रुपयांच्या थोडे वर जाते. शिवाय खरिपाचे धान्य एका हंगामात निघते आणि वर्षभर खाल्ले जाते. ते कुठेतरी थांबणारच असते. गोदामात थांबले तर भाडे पडते आणि बार्जमध्ये थांबले तर तेवढ्या काळाचे गोदामाचे भाडे वाचते. माल ठरावीक अंतराने सतत निघत राहिला, तर पहिली खेप पोहोचल्यानंतर घेणाऱ्याला मंद गती जाणवतही नाही, कारण त्याच्या दारी रोज किती माल येतो एवढेच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

साशंक : ‘सतत निघत राहिला, तर’ या अटीवरच सगळा युक्तिवाद उभा आहे, आणि ती अट लोधिवलीत पुरी होते का, हे पाहावे लागेल. त्याआधी मिसिसिपीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. तिचा वरचा भाग निसर्गाने आयता दिलेला जलमार्ग नाही. नऊ फूट खोलीची वाट कायम राहावी म्हणून १९३० च्या दशकात तिथे बांध आणि जलपाशांची, म्हणजे जहाजांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणाऱ्या दारबंद कुंडांची, मालिका बांधली गेली. त्यांची देखभाल सरकारी तिजोरीतून होते आणि बार्जवाल्यांकडून इंधनावर घेतला जाणारा कर नव्या बांधकामाच्या केवळ काही भागाला पुरतो. एवढे करूनही २०२२ च्या शरदात पाणी उतरले तेव्हा ताफे अडकले आणि बार्जचे भाडे अनेक पटींनी चढले. आता लोधिवलीचा विचार करू. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. खालापूरसारख्या तालुक्यात सोयीसाठी एक लाख लाभार्थी धरले, तर महिन्याची गरज ५०० टन, म्हणजे पन्नास किलोंची दहा हजार पोती, इतकी होते. बेचाळीस बंद वाघिणींची एक मालगाडी, जिला रेल्वेच्या भाषेत पूर्ण रेक म्हणतात, सुमारे २,६०० टन धान्य आणते. ती एकटी या तालुक्याला पाच महिने पुरेल. हजार टनांचा एक बार्ज दोन महिने पुरेल. ज्या प्रवाहाने महिन्याला जेमतेम अर्धा बार्ज भरतो, त्याला सातत्याचा लाभ मिळू शकत नाही. या तालुक्याची खरी मागणी दहा टनांच्या पन्नास ट्रकांची आहे आणि ती जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरून भागते.

पुरस्कर्ता : हा हिशेब बार्जविरुद्ध जितका जातो, तितकाच तो रेल्वेविरुद्धही जातो, ही गोष्ट नजरेआड होऊ नये. रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक हळूहळू बंद करून पूर्ण रेकचाच आग्रह धरला. त्यामुळे लहान स्थानकांवरचे मालधक्के, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे फलाट, निरुपयोगी झाले आणि धान्य मोजक्या मोठ्या ठिकाणी उतरू लागले. पनवेल–कर्जत लोहमार्ग चौकवरून जातो आणि रसायनीचे स्थानक पनवेल–रोहा मार्गावर आहे, तरी लोधिवलीच्या रास्त भाव दुकानातले पोते शेवटी ट्रकनेच येते. अशा वेळी रेल्वे स्वस्त आहे असे म्हणताना, ती ज्याच्याजवळ पूर्ण रेक भरण्याइतका माल आणि तो ठरावीक तासांत उतरवून घेण्याची ताकद आहे त्याच्यासाठी स्वस्त आहे, असे म्हणावे लागते. शिवाय रेल्वेचा दर म्हणजे रेल्वेचा खर्च नव्हे. प्रवासी वाहतुकीतली तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढण्याची पद्धत जुनी आहे, म्हणून मालाच्या भाड्यात प्रवाशांच्या सवलतीचा वाटा मिसळलेला असतो. जलमार्गाचे मोल या ठिकाणी वेगळ्या रीतीने दिसते. अमेरिकेत नदीच्या जवळच्या धान्यकोठारांना रेल्वे कमी दर लावते आणि नदीपासून दूर असलेल्यांना चढा, कारण जवळच्यांकडे दुसरी वाट असते. ज्या वाटेने माल जात नाही, तीही दुसऱ्या वाटेच्या दराला लगाम घालू शकते. आणि हे सारे कल्पनेतले आहे असे वाटत असेल, तर पेण तालुक्यातील डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे पाहावे. त्याचे लोहखनिज आणि कोळसा धरमतरच्या खाडीतून हजारो टनांच्या बार्जवर येतो आणि त्यामुळे अंबेचा जलमार्ग देशातील सर्वाधिक माल वाहणाऱ्या जलमार्गांमध्ये गणला जातो. तीच खाडी, तीच भरती आणि तेच पाणी धान्याला का चालू नये?

साशंक : डोलवीचे उदाहरण बार्ज केव्हा स्वस्त पडतो हे दाखवते, आणि त्यातूनच धान्याला तो का स्वस्त पडणार नाही हेही उमगते. तिथे मालाचा मालक एक, माल मोजक्या प्रकारचा, दिशा मुख्यतः एक आणि दोन्ही टोके पाण्यावर आहेत : एका टोकाला बंदर किंवा नांगरून उभे असलेले मोठे जहाज, दुसऱ्या टोकाला कारखान्याचा स्वतःचा धक्का. बार्जमधून निघालेले खनिज पट्ट्यावरून थेट कारखान्यात जाते आणि मध्ये कोणाच्या खांद्यावर चढत नाही. धान्याचे तसे नाही. ते आपल्याकडे बहुतांशी बारदानात, म्हणजे तागाच्या पोत्यांत, फिरते, आणि प्रत्येक ठिकाणी हमाली, तोलाई, थप्पी लावणे आणि पोते फाटून सांडणारी तूट असा खर्च लागतो. हमालांना त्यांच्या कष्टाचा न्याय्य मोबदला आणि संरक्षण मिळावे म्हणून महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला; म्हणून हमाली हा दाबून कमी करण्याचा खर्च मानता येत नाही, तो हिशेबात पूर्ण धरलाच पाहिजे. आता समतोल अंतर काढून पाहू. समतोल अंतर म्हणजे ज्या अंतरानंतर स्वस्त वाहनाची बचत जादा चढउताराचा खर्च भरून काढते ते अंतर. उदाहरणासाठी असे धरू की, जलमार्ग घेतल्याने दोन चढउतार वाढतात आणि त्यांचा एकूण खर्च टनाला ३०० रुपये आहे, तर पाण्यावर दर टन-किलोमीटरमागे तीस पैसे वाचतात. तेव्हा समतोल अंतर १,००० किलोमीटर येते. मुंबईच्या धक्क्यापासून आपट्यापर्यंतचे पाणी त्याच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. हे गृहीत आकडे निम्म्याने बदलले, तरी निष्कर्ष बदलत नाही.

पुरस्कर्ता : या हिशेबातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यातले तीनशे रुपये नदीने लावलेले नाहीत, ते पोत्याने लावलेले आहेत. पोते काढून टाकले, तर समतोल अंतर कोसळते. खाद्य निगमाच्या एका व्यवस्थेत हरियाणातील कैथलच्या सायलोमधून, म्हणजे धान्य सुटे साठवणाऱ्या उंच कोठारातून, गहू खास वाघिणींनी नवी मुंबईच्या सायलोत सुटाच येतो. तिथे चढउतार यंत्राने होते आणि वाटेतली तूट घटते. जे रुळांच्या टोकाला करता आले, ते पाण्याच्या टोकाला करता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही. दुसरे असे की, हजार किलोमीटरची अट खाडीने पुरी होत नसली, तरी समुद्राने होते. खाद्य निगमाने आंध्र प्रदेशातला तांदूळ किनारी जहाजांनी केरळात नेला आहे. तोच न्याय लावला, तर पूर्व किनाऱ्यावरचा तांदूळ मुंबईपर्यंत जहाजाने आणि तिथून पुढे खाडीने असा एकच सलग जलप्रवास होऊ शकतो, आणि तेव्हा खाडीचा तुकडा एका लांब स्वस्त मार्गाचे शेपूट ठरतो. तिसरे, या भागातून बाहेर जाणाऱ्या तांदळाचाही विचार हवा. कर्जतला भातसंशोधन केंद्र आहे आणि त्या केंद्राच्या नावाच्या जाती कोकणभर पेरल्या जातात. आधारभूत किमतीने खरेदी केलेल्या शंभर क्विंटल भातापासून शासनाच्या प्रमाणानुसार ६७ क्विंटल तांदूळ अपेक्षित असतो, म्हणून भरडाई शेताजवळ झाली तर एक तृतीयांश वजन वाहावेच लागत नाही. जुन्या काळी गलबताला येताना मीठ आणि जाताना तांदूळ असे दुहेरी भाडे मिळत असे. परतीचा माल मिळाला, की भाडे जवळजवळ निम्म्यावर येते, आणि ही सोय पंजाबहून भरून येणाऱ्या व बहुधा रिकाम्या परतणाऱ्या रेकला नाही.

साशंक : सायलोचा मुद्दा निर्णायक आहे, आणि तो मान्य केल्यास वादाचा विषयच बदलतो. सुट्या धान्याची बचत सायलोची आहे. ती रुळांशी जोडली तर रुळांना मिळते आणि पाण्याशी जोडली तर पाण्याला. तिला नदीची बचत म्हणता येत नाही. आणि जिथे रुळांशी जोडलेला सायलो नवी मुंबईत उभा आहेच, तिथे दुसरा पाण्याकाठी बांधण्याचे भांडवल कोणत्या मालावर वसूल होणार, हा प्रश्न कायम राहतो. किनारी जहाजाचे म्हणणेही तपासून घ्यावे. पूर्व किनाऱ्यावरून आलेले मोठे जहाज धरमतरच्या खाडीत आपट्यापर्यंत येऊ शकत नाही. माल मुंबईजवळ बार्जमध्ये घ्यावा लागेल आणि आपट्याला पुन्हा ट्रकमध्ये. तोच माल बंदराच्या धक्क्यावर थेट ट्रकमध्ये घेतला, तर लोधिवली तिथून काही तासांच्या अंतरावर आहे आणि एक चढउतार वाचते. म्हणजे लांब पल्ल्याला जहाज श्रेष्ठ ठरले, तरी शेवटच्या पन्नास किलोमीटरला बार्ज श्रेष्ठ ठरत नाही. यात पावसाची भर घालावी. खालापूर–कर्जत पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. तांदळातला ओलावा चौदा टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते, आणि उघड्या धक्क्यावर, भरतीच्या वेळेशी बांधलेले काम पावसाच्या उघडिपीची वाट पाहत करावे लागते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती लहान असते तेव्हा, वरच्या पात्रात पुरेशी खोली मिळत नाही. पात्र खोल करायचे तर गाळ काढावा लागेल आणि तो दर पावसाळ्यानंतर पुन्हा भरेल. याहून गंभीर गोष्ट खारभूमीची आहे. पेण–अलिबागच्या खारपाटात समुद्राचे पाणी बांधांनी अडवून भात पिकवला जातो. मोठ्या बार्जच्या लाटा बांधांना आणि कांदळवनाला सतत घासत राहिल्या, तर बांध फुटून शेतात खारे पाणी शिरते आणि ती जमीन पुन्हा पिकायला काही वर्षे लागतात. भात वाहून नेण्यासाठी भाताचीच जमीन पणाला लावली जात असेल, तर तो खर्च कोणत्याही भाड्याच्या पावतीत दिसणार नाही, पण कोणाला तरी तो भरावा लागेल.

पुरस्कर्ता : बाहेरच्यांवर पडणारा खर्च मोजायचा, तर तो सर्व बाजूंनी मोजावा. ट्रकचा धूर, घाटातले अपघात आणि महामार्गाची झीज याही भाड्याच्या पावतीत नसतात. आणि रेल्वेच्या बाजूला भोर घाट आहे, ज्याच्या १:३७ च्या चढावर, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची गाठणाऱ्या चढावर, आजही कर्जतला जादा इंजिने जोडावी लागतात. तरीही खारभूमीचा आक्षेप वेगळ्या पातळीवरचा आहे हे कबूल केले पाहिजे, कारण तिथे नुकसान सोसणाऱ्याला विचारल्याशिवाय लाभ दुसऱ्याला दिला जातो. बांधांची जबाबदारी, गतीची मर्यादा आणि मच्छीमारांच्या हक्काची हमी यांवाचून कोणताही जलमार्ग उभारू नये. परंतु यातून नदी टाकून द्यावी असे निष्पन्न होत नाही. इतिहासाकडे पाहिले, तर या खोऱ्यातील जलवाहतूक तिच्या दोषांनी मेली नाही, राज्याने आपला पैसा आणि पाठबळ दुसरीकडे वळवल्यामुळे मेली. १८३० मध्ये भोर घाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईहून पनवेलपर्यंत होडीने आणि पुढे गाडीरस्त्याने पुण्याला जाण्याची रीत पक्की झाली आणि पनवेलचे बंदर भरभराटले. रेल्वे आल्यावर सरकारने हमीचे व्याज, जमीन आणि लक्ष हे सारे तिला दिले. बंदरांना तसे काही मिळाले नाही. जी वाट दीडशे वर्षे उपेक्षित राहिली, तिची आजची स्थिती पाहून तिची योग्यता ठरवणे न्याय्य नाही.

साशंक : पाठबळ रेल्वेला मिळाले हे खरे आहे, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भांडवलाला पाच टक्के परताव्याची हमी होती आणि तिचा भार अखेर करदात्यांवर पडला. तरीही पनवेलच्या घटनाक्रमाकडे बारकाईने पाहिले, तर आणखी एक कारण दिसते. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८५८ मध्ये घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधल्या घाटात रूळ नव्हते. त्या काळात खोपोलीला माल उतरवून, गाडीरस्त्याने घाट चढवून, खंडाळ्याला पुन्हा गाडीत भरावा लागे. म्हणजे रुळांवरून जाणाऱ्या मालालाही मध्ये दोन चढउतार होते. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईत भरलेली वाघीण मध्ये न उघडता पुण्यात पोहोचू लागली. दर मैलाच्या दरात त्या दिवशी जो फरक पडला असेल, त्याहून मोठा फरक न उघडलेल्या वाघिणीने पाडला. घाटमाथ्याचा माल पनवेलच्या बंदराकडून रुळांकडे वळण्यामागे ही सलगता होती. त्यामुळे या खोऱ्याच्या इतिहासातून निघणारा धडा पाणी आणि रूळ यांच्या श्रेष्ठतेविषयी फार काही सांगत नाही. तो असे सांगतो की, ज्या मार्गावर माल कमीत कमी वेळा हाताळला जातो तो मार्ग जिंकतो, आणि हाताळणी किती वेळा होणार हे वाहन ठरवत नाही, कोठार कुठे बांधले आहे ते ठरवते.

पुरस्कर्ता : हा निष्कर्ष स्वीकारला, तर दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे नव्याने मांडावे लागेल. आतापर्यंत विचारलेला प्रश्न, म्हणजे धान्य बार्जने न्यावे की रेल्वेने, हा क्रमाने दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, रायगडच्या धान्याचे मोठे कोठार कुठे असावे. आज ती कोठारे पनवेल आणि नवी मुंबईच्या बाजूला आहेत, कारण रूळ आणि महामार्ग तिथे एकत्र येतात. उद्या जिल्ह्याची लोकसंख्या वाढेल आणि एकाच मार्गावर विसंबण्याचा धोका अधिक जाणवेल, तेव्हा रूळ, रस्ता आणि भरतीचे पाणी हे तिन्ही जिथे जवळ आहेत अशी जागा राखून ठेवावी लागेल, आणि आपट्याचा परिसर तसा आहे : तिथे पाताळगंगेचे भरतीचे पाणी आहे, पनवेल–रोहा मार्गाचे स्थानक आहे आणि रस्ताही आहे. अशा ठिकाणचे कोठार आरंभी रुळांवरच चालेल. पाण्याची वाट त्याला पुढे जोडता येईल आणि तोवर ती केवळ एक शक्यता म्हणून राहील. या शक्यतेला आर्थिक मोल आहे. दरड कोसळून घाट बंद झाला, रेकची टंचाई झाली किंवा दर एकतर्फी वाढले, तर दुसरी वाट असणे हा एक विमा आहे, आणि विम्याचा हप्ता वाया गेला असे कोणी म्हणत नाही.

साशंक : विम्याचा हप्ता वाया जात नाही हे खरे, पण तो कोण भरतो आणि भरपाई कोणाला मिळते हे विचारावेच लागते. रास्त भावाच्या धान्याचे भाडे अन्न अनुदानातून जाते. खाद्य निगम ते रेल्वेला देतो, म्हणजे पैसा सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य लाभार्थ्याला विनामूल्य मिळते, म्हणून भाडे टनाला शंभर रुपयांनी उतरले, तरी लोधिवलीच्या कुटुंबाच्या खर्चात त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो तिजोरीला. उलट आपट्याच्या काठी धक्का बांधला, पात्र खोल केले आणि पुढे तिथून धान्याऐवजी कारखान्यांचा कोळसा व क्लिंकर जाऊ लागला, तर लोकांच्या अन्नाच्या नावाने केलेली गुंतवणूक खासगी मालाच्या कामी येईल आणि झीज खारपाटातल्या शेतकऱ्याला सोसावी लागेल. रसायनी आणि खोपोलीच्या उद्योगांची जवळीक पाहता ही शक्यता दूरची नाही. म्हणून राखीव जागेच्या कल्पनेला विरोध न करता तिला तीन अटी जोडता येतील : पाण्याचा मार्ग कोणत्या मालासाठी खुला राहील हे आधी ठरावे, गाळ काढण्याचा आणि बांध राखण्याचा वार्षिक खर्च वाहतूक करणाऱ्याच्या भाड्यात दिसावा, आणि तो दाखवूनही बार्ज स्वस्त पडत असेल तरच त्याला परवानगी मिळावी.

पुरस्कर्ता : पहिल्या दोन अटी न्याय्य आहेत. तिसरी तत्त्वतः न्याय्य असली, तरी ती केवळ जलमार्गाला लावली तर पक्षपात होईल. रेल्वेच्या भाड्यात मार्ग बांधण्याचा पूर्ण खर्च दिसत नाही आणि ट्रकच्या भाड्यात रस्त्याची झीज पूर्ण दिसत नाही, अशा वेळी एकट्या बार्जने आपला सगळा खर्च स्वतःच्या अंगावर दाखवून मग स्पर्धेत उतरावे, ही अट त्याला कायमची बाहेर ठेवील. एकतर तिन्ही वाहनांचे खरे खर्च मांडावेत, किंवा तिन्हींना मिळणारे सार्वजनिक साहाय्य मोजून ते दर टनामागे समान करावे.

साशंक : खरे खर्च मांडण्याची मागणी बिनतोड आहे, आणि ती मान्य केल्यावर जी अडचण उरते तिच्यावर दोन्ही पक्षांना तूर्त उत्तर नाही. तिन्ही वाहनांचे खरे खर्च मांडले, तर कदाचित असे दिसेल की, महिन्याला पाचशे टन खाणाऱ्या तालुक्यासाठी त्यांतले एकही स्वस्त नाही, आणि आज वापरात असलेली ट्रकची वाट केवळ तिचा खर्च विखुरलेला आहे म्हणून स्वस्त भासते. तेव्हा निवड तीन वाहनांमध्ये राहणार नाही. भरडाई, साठवण आणि वाटप तालुक्यातच करून वाहतूकच कमी करायची, की मोठ्या कोठाराच्या आश्रयाला जाऊन मोठ्या वाहनाचा लाभ घ्यायचा, या दोहोंत ती करावी लागेल. कर्जत–खालापूरचे भात आधारभूत किमतीने खरेदी होऊन, जवळच भरडले जाऊन, त्याच तालुक्यांच्या दुकानांत गेले, तर त्या तांदळापुरते पंजाबहून येणारे रेकही लागणार नाहीत आणि आपट्याचा धक्काही लागणार नाही. पण पिकले नाही त्या वर्षी दोन्ही लागतील. एका वाईट वर्षासाठी रूळ, रस्ता आणि पाणी यांपैकी किती वाटा जिवंत ठेवायच्या, आणि चांगल्या वर्षांत त्यांचा खर्च कोणाच्या माथी घालायचा, हे ठरल्याशिवाय दर टन-किलोमीटरचा कोणताही आकडा लोधिवलीच्या उपयोगाचा नाही.